बाईंना नापास व्हायचं होतं

आयुष्यभर दुसऱ्यांचे पेपर तपासलेल्या माणसापुढे प्रश्नपत्रिका ठेवताना जरा विचार करावा की नाही? पण कानाच्या दवाखान्यातली ती पोरगी पडली नवखी. तिनं नियमाप्रमाणे एक छापील पान बाईंपुढे सरकवलं, पेन दिलं, "मॅडम, एवढं भरून ठेवा, मी आलेच," म्हणाली आणि शेजारच्या खोलीत निघून गेली. झालं! बाईंनी पाठ ताठ केली, चष्मा पुसला, पानाला समास सोडलेला नाही म्हणून नाक मुरडलं आणि परीक्षेला बसल्या.

बाई म्हणजे तिसरीच्या वर्गाच्या बाई. शाळेत पाठीमागे त्यांना सगळे तोफ म्हणायचे. आवाज तसा आधीपासूनच खणखणीत, पण गेल्या दोन-तीन वर्षांत तो आणखी चढला होता, कारण त्यांना स्वतःलाच तो कमी ऐकू येऊ लागला होता. हे कबूल करायला मात्र बाईंनी चांगलाच वेळ घेतला. हल्लीची मुलं पुटपुटतात, हल्लीचे पंखे घरघरतात, हल्लीच्या नट्या तोंडातल्या तोंडात बोलतात, असं सगळ्या जगाचं उणंदुणं काढून झालं आणि मग एकदाचं दोन्ही कानांमागे मशीन बसलं. पहिल्याच दिवशी वर्गात मुलांनी बाकं सरकवली आणि बाईंच्या डोक्यातून करवत फिरली. बाई तडक दवाखान्यात. "हे बारीक करा. आत्ताच्या आत्ता!" कानवालीनं (बाई तिला कानवालीच म्हणायच्या) कॉम्प्युटरवर खाटखुट करून आवाज बारीक केला. हळूहळू वाढवू म्हणाली, दोन महिन्यांनी या म्हणाली. त्याप्रमाणे बाई आज आल्या होत्या, आणि पुढ्यात हा पेपर.

'टीव्ही पाहताना ऐकायला त्रास होतो का? कुणी हळू बोललं तर समजायला अडचण येते का? ऐकू न आल्यामुळे घरच्यांशी खटके उडतात का?' असे दहा प्रश्न. प्रत्येकापुढे तीन चौकोन: नाही, कधीकधी, हो.

आता तुम्हीच सांगा, यात अवघड काय आहे? बरोबर उत्तर कोणतं ते शेंबडं पोरही ओळखेल. 'त्रास होतो का?' असं विचारल्यावर 'हो' म्हणून कोण स्वतःचे गुण कापून घेईल! बाईंनी धडाधड 'नाही'वर खुणा केल्या. घरच्यांशी खटके उडण्याच्या प्रश्नावर पेन जरा अडखळलं खरं. त्या सकाळीच नवऱ्यानं न्हाणीघरातून टॉवेलसाठी तीन हाका मारल्या होत्या आणि चौथी हाक न मारता तसाच कुडकुडत बाहेर येऊन तो भांडला होता. पण तो खटका काय ऐकण्यावरून होता होय? तो त्याच्या वेंधळेपणावरून होता. टॉवेल आधी घेऊन जायला काय झालं होतं? बाईंनी 'नाही'वर खूण केली आणि पान उलटं घालून ठेवलं.

कानवाली आली, बेरीज केली आणि एकदम खुलली. "शून्य!"

"काय?" बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "मला शून्य?"

"अहो मॅडम, यात शून्य म्हणजे एकदम उत्तम. काहीच त्रास नाही. 'हो'ला चार, 'कधीकधी'ला दोन, असे चाळीस आले तर वाईट. मशीन छान बसलंय तुम्हाला." तिनं आनंदानं शिक्का मारला, आता एकदम वर्षानं या म्हणाली, आणि बाईंच्या जिवात जीव आला. आवाज पुन्हा वाढवायचा होता, हे दोघीही विसरल्या. उत्तम म्हटल्यावर कशाला कोण हात लावतंय!

शाळेत मुख्याध्यापकांनी तो रिपोर्ट मागवला होता. मोठ्या हौसेनं मागवला होता, असं आपलं माझं मत. मुख्याध्यापक म्हणजे कागदात डोकं घालून मिशीत बोलणारा माणूस. त्यांचं निम्मं बोलणं चांगल्या कानांनाही कळायचं नाही. तोफेला एकदाचं वर्गातून हलवावं आणि कुणीतरी मऊ बोलणारी बाई तिसरीला आणावी, हे त्यांच्या मनात कधीचं होतं. बाईंनी त्यांच्या टेबलावर शून्याचा तो कागद आपटला आणि "घ्या!" म्हणून वर्गावर गेल्या. त्या दिवशी त्यांची चाल पाहण्यासारखी होती.

आता त्या वर्गात बाई शिकवायच्या कशा, हे ऐका. पुढची दोन बाकं त्यांना नीट ऐकू यायची. मधली बाकं तोंडाकडे पाहून कळायची. मागची बाकं म्हणजे देवाचं नाव. पण इतक्या वर्षांचा अनुभव वाया थोडाच जातो! मागून कुणी उत्तर दिलं की बाई त्याच्याकडे पाहायच्याच नाहीत, बाकीच्या वर्गाकडे पाहायच्या. उत्तर चुकलं असेल तर हुशार मुलांच्या तोंडावर ते आधी दिसतं, हात वळवळायला लागतात. हात वळवळले की "चूक, दुसरं कोण सांगेल?" नाही वळवळले की "शाब्बास, बस खाली." दहात नऊ वेळा बरोबर यायचं. आणि सगळ्यांनी एकसुरात पाढे म्हणणं तर बाईंच्या वर्गात इतकं वाढलं होतं की शेजारच्या वर्गातल्या मुलांचेही पाढे पाठ झाले होते.

शेवटच्या बाकावर एक मुलगी बसायची. मुलं तिला मुंगी म्हणायची, कारण तिचा आवाज शेजारणीलाही जेमतेम जायचा. तिला त्या नावाचं काही वाटत नव्हतं. उलट मुंगीचं चित्र ती वहीवर काढायची.

एका दुपारी गणिताच्या तासाला मुंगीनं हात वर केला, उभी राहिली, काहीतरी बोलली. बाईंनी वर्गाकडे पाहिलं. हात वळवळले नाहीत. "शाब्बास, बस खाली." मुंगी बसली. थोड्या वेळानं पुन्हा उभी राहिली, पुन्हा काही बोलली. "अगदी बरोबर!" बाई फळ्यावर लिहिता लिहिता म्हणाल्या. एक-दोन मुलं फिसकन हसली. तिसऱ्यांदा ती उभी राहिली तेव्हा बाई जरा वैतागल्याच. "अगं हो, कळलं मला. बाकीच्यांनाही बोलू दे!" मुंगी बसायला गेली ती बाकावरून सरळ खाली घसरली. अंग भट्टीसारखं तापलं होतं.

"बाई, मला चक्कर येतेय," असं ती तीन वेळा सांगत होती. आणि बाई तिला शाब्बास म्हणत होत्या.

मुंगीला घरी नेलं. डॉक्टर आले, ताप उतरला. पोरगी दोन दिवसांत बरी होईल असं कळलं, तेव्हा सगळ्यांनी सुस्कारा सोडला. पण तिची आई मुख्याध्यापकांच्या खोलीत उभी राहून म्हणाली, "माझ्या मुलीनं तीनदा सांगितलं हो. तीनदा!" तिनं आवाजसुद्धा चढवला नाही. चढवला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. बाईंना स्वतःची लाज वाटली. शिक्षकांच्या खोलीमागच्या बाथरूममध्ये जाऊन त्यांनी नळ सोडला आणि रडल्या. नळ कुणासाठी सोडला होता कोण जाणे, त्यांना स्वतःला तरी आवाज कुठे येत होता!

आई गेल्यावर मुख्याध्यापकांनी कपाटातून तो शून्याचा कागद काढला. त्या दिवशी मात्र ते अगदी स्पष्ट बोलले.

"बाई, या रिपोर्टप्रमाणे तुम्हाला काही त्रास नाही. म्हणजे मुलगी बोलली ते तुम्हाला ऐकू आलं आणि तुम्ही दुर्लक्ष केलंत. की ऐकू आलं नाही? मग हा कागद खोटा. दोन्हीतलं एक काहीतरी ठरवा."

तोफ गार पडली. मग मुख्याध्यापकांनी आवाज मऊ केला. "कशाला वाद वाढवायचा? रिपोर्ट राहू दे कपाटात, मी कुणाला दाखवत नाही. तुम्ही सोमवारपासून भांडार सांभाळा. नकाशे आहेत, चेंडू आहेत, खडू आहेत. आरामात बसा. पगार तोच. कुणी काही विचारणार नाही."

कुणी काही विचारणार नाही! खडूंना काही बोलायचं नसतं, चेंडूंना चक्कर येत नाही. बाई "उद्या सांगते" म्हणून उठल्या.

घरी नवरा पडवीत पेपर वाचत बसला होता. तो मुळातच हळू बोलणारा, निवृत्त झाल्यापासून तर आणखी हळू. बाईंनी झालं ते सगळं सांगितलं, मुंगीचं, आईचं, भांडाराचं. त्यानं पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"तू त्या दवाखान्याच्या कागदावर लिहिलं होतंस काय?"

"काय लिहिणार? नाही, नाही, नाही."

"आणि घरच्यांशी खटके?"

"त्यालाही नाहीच."

तो हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला. बाई भडकल्या. "हसताय काय अहो! माझा वर्ग चाललाय हातातून आणि तुम्हाला हसू सुचतंय!"

मग तो हसायचा थांबला. खुर्ची ओढून अगदी बाईंच्या समोर येऊन बसला, तोंडासमोर तोंड आणून, आणि एकेक शब्द सुटा करत बोलला. "त्यांनी मला विचारायला हवं होतं. मी तुला गोष्टी सांगणं कधीच सोडलंय. लक्षात तरी आलंय का तुझ्या? एकच गंमत चार चार वेळा सांगायची, मग ती गंमत राहते का? आता मी ती कुत्र्याला सांगतो. कुत्रं निदान कान टवकारतं."

त्यांच्याकडे कुत्रं नव्हतं. शेजाऱ्यांचं होतं. कुंपणापाशी उभा राहून आपला नवरा त्या कुत्र्याशी काय बोलतो, याचं बाईंना कायम नवल वाटायचं. आता कळलं. हा माणूस इतके दिवस घरात मूग गिळून बसला होता आणि त्या खुशाल समजत होत्या की म्हातारपणी नवरा शहाणा झालाय.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं," तो म्हणाला. "तीन-चारदा सांगितलं."

रात्रभर बाईंचा डोळा लागला नाही, पण सकाळी उठल्या त्या पुन्हा तोफ होऊनच. "अहो, चला," म्हणाल्या. "कुठे?" "परीक्षेला."

दवाखान्यात आधी वेळ घेतली नव्हती. बाहेर चार माणसं बसली होती. बाईंनी कानवालीच्या दारातच उभं राहून फर्मान सोडलं, "माझा पेपर परत काढा. मला नापास व्हायचंय!"

बाहेरची चारही माणसं, सगळी कमी ऐकणारी, एकदम माना वळवून पाहायला लागली. कानवाली गडबडली. "मॅडम, पण तुमची फाइल तर बंद झाली. शून्य होतं ना?"

"ते शून्य खोटं आहे. मी उत्तरं लिहिली ती खरी कोणती ते पाहून नाही, तुम्हाला कोणती आवडतील ते पाहून लिहिली. माझ्या वर्गातल्या पोरानं असं केलं असतं तर कान उपटला असता मी त्याचा." आणि मग आवाज खाली आणून त्यांनी मुंगीचं सांगितलं. कानवाली ऐकता ऐकता खुर्चीत बसली. ती काही बाईंना रागावली नाही. ती रागावली स्वतःवर.

"चूक माझीही आहे," ती म्हणाली. "तिसरीच्या वर्गात शिकवणारं माणूस, आवाज बारीक केलेलं मशीन, आणि शून्य? मला तिथेच शंका यायला हवी होती. पण शून्य पाहून मीच खूश झाले. मॅडम, हा पेपर तुमच्या हुशारीचा नाही हो. तो माझ्या कामाचा आहे. तुम्ही त्रास लिहिलाच नाही तर मी दुरुस्त काय करू? यात खरं लिहिणाऱ्याचं काम होतं, आणि छान छान लिहिणारा तसाच घरी जातो."

"मग तसं वर छापा ना!" बाई कडाडल्या. "आधी हे सांगायचं सोडून नुसता पेपर पुढे काय सरकवता? मला इतकी वर्षं कुणी पेपर दिला की मी पास होते. सवय आहे मला!"

"छापते," कानवाली म्हणाली, आणि हसली. बाईंना ती पहिल्यांदाच आवडली.

पेपर पुन्हा सुरू झाला. या वेळी बाई एकेक प्रश्न मोठ्यानं वाचायच्या आणि खूण करायच्या आधी नवऱ्याकडे पाहायच्या. तो मान हलवायचा. दोन-तीन ठिकाणी बाईंचं पेन 'कधीकधी'कडे वळलं तेव्हा त्यानं नुसतं घसा खाकरला आणि पेन निमूट 'हो'कडे गेलं. 'ऐकू न आल्यामुळे तुम्हाला एकटं वाटतं का?' या प्रश्नाशी बाई थांबल्या. बऱ्याच वेळानं खूण केली. कुठे केली ते त्यांनी हातानं झाकून केलं, पण बेरीज झाल्यावर सगळं उघडं पडलंच. छत्तीस.

"चाळीसपैकी छत्तीस!" बाई म्हणाल्या. "सगळीकडे पहिली येते की नाही मी?"

मग कानवालीनं एक कोरा कागद घेतला. "आता छापील प्रश्न पुरे. तुम्हीच सांगा, कुठे, कुणाचं, काय ऐकू यायला हवंय? सगळ्यात आधी हवं ते आधी सांगा."

बाईंना विचार करावा लागलाच नाही. "शेवटचं बाक. मुंगी. पंखा चालू असताना." मग नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दुसरं लिहा, यांच्या गमती. एकदा सांगितल्यावर."

पोरगी कामाला लागली. तिनं बाईंना काचेच्या खोलीत बसवून पुन्हा तपासलं. लहान मुलांच्या आवाजातली जी बारीक धार असते, नेमकी तीच बाईंच्या कानांतून गेली होती, आणि मशीनमध्येही तीच त्यांनी हट्टानं बारीक करून घेतली होती. कानवालीनं ती चढवली. "बाकं सरकली की करवत फिरेल," तिनं बजावलं. "काही आठवडे सोसावं लागेल. मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो. आणि नुसत्या मशीनवर राहू नका. शेवटच्या बाकापर्यंत ते एकटं पोचणार नाही. बाकांच्या पायांना रबर लावा, मुलांना अर्ध्या गोलात बसवा म्हणजे सगळ्यांची तोंडं दिसतील, आणि ऐकू आलं नाही की नाही आलं म्हणा."

"हे सगळं लिहून द्या," बाई म्हणाल्या. "सहीनिशी. शिक्काही मारा, तुम्हाला हौस आहे शिक्क्याची."

तिथून बाई शाळेत गेल्या आणि छत्तीसाचा कागद शून्याच्या कागदावर ठेवला. मुख्याध्यापकांनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"म्हणजे तुम्ही स्वतः लिहून देताय की वर्गात तुम्हाला ऐकू येत नव्हतं?"

"येत नव्हतं. आणि येत असल्याचं सोंग केलं. मुंगीच्या आईला हे मी स्वतः जाऊन सांगणार आहे, तुम्ही सांगायच्या आधी. आता हा दुसरा कागद पाहा. मला ऐकू येण्यासाठी काय काय लागतं ते यात आहे. रबर मी लावते, बाकं मी फिरवते, तुम्ही फक्त त्या घरघरणाऱ्या पंख्याला तेल घाला."

"बाई, मी तुम्हाला भांडाराचं सुचवलं होतं…"

"भांडारात मी जाणार नाही! मला वर्गातून काढायचं असेल तर लेखी काढा. कारण लिहा, खाली सही करा, वर पाठवा. कपाटात लपवलेल्या कागदाच्या जिवावर मला गप्प बसवायचं नाही. माझे कान गेलेत सर, तोंड शाबूत आहे."

मुख्याध्यापकांना सही करायचा भयंकर तिटकारा होता. हजेरीवरसुद्धा ते नुसती रेघ ओढायचे. त्यांनी मिशी चाचपली आणि मधला मार्ग काढला. "ठीक आहे. एकदा मी वर्गावर येऊन पाहतो. तुम्हाला ऐकू येतंय असं मला दिसलं तर वर्ग तुमचा. नाही दिसलं तर तुम्ही स्वतःहून भांडारात जायचं. चालेल?"

"कधीही या," बाई म्हणाल्या. "न सांगता या."

मुंगीच्या आईकडे बाई गेल्या. आईनं ऐकून घेतलं, पण माफ केलं की नाही ते काही बोलली नाही. "उद्या पाठवते तिला," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गापुढे उभं राहून सांगितलं, "त्या दिवशी ही आजारी असल्याचं सांगत होती आणि मला ऐकू आलं नव्हतं. मी उगीच शाब्बास म्हटलं. चूक माझी होती. आजपासून मी उगीच कुणाला शाब्बास म्हणणार नाही. मला ऐकू आलं नाही असं वाटलं तर दोन्ही हात वर करायचे आणि परत सांगायचं. लाजायचं नाही. मीही लाजणार नाही."

मुलांना काय, दोन्ही हात वर करायला निमित्तच हवं होतं. पहिल्या दिवशी तर बाईंना ऐकू येऊनसुद्धा सगळ्यांचे हात वर. बाईंनी डोळे वटारल्यावर जरा आटोक्यात आले. पायांना रबर लावूनही बाकं किंचाळायची आणि करवत फिरायची. संध्याकाळी डोकं इतकं दुखायचं की बाई मशीन काढून डबीत ठेवायच्या आणि डबीकडे रागानं पाहत बसायच्या. पण सकाळी पुन्हा घालायच्या. "परत सांग" हे दोन शब्द दिवसातून शंभरदा म्हणताना पहिल्यांदा त्यांची जीभ जड व्हायची. मग हळूहळू सरावली. मधली बाकं ऐकू यायला लागली. मागची दोन मुलं किती आगाऊपणे बोलतात, तेही कळायला लागलं, आणि त्या दोघांचे वाईट दिवस सुरू झाले.

एक मुंगी मात्र बोलेना. तिला अर्ध्या गोलाच्या मधोमध, बाईंच्या समोर बसवली होती. वहीत सगळं लिहायची, गणितं सगळी बरोबर यायची, पण तोंड उघडायची नाही. बाईंनी दोनदा नाव घेऊन विचारलं, तर खाली मान. तीनदा सांगून ज्याचं कुणी ऐकलं नाही, ते माणूस पुन्हा कशाला बोलेल? बाईंना ते कळत होतं आणि टोचत होतं. बाकीच्या सगळ्या वर्गाचं ऐकू आलं आणि या पोरीचं नाही, तर आपण भांडारातच बरे, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

आणि नेमके त्याच दिवशी मुख्याध्यापक आले.

आवाज न करता आले आणि दारात उभे राहिले, हात मागे बांधून. वर पंखा घरघरत होता, त्याला तेल काही घातलेलं नव्हतं. बाईंनी डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांना पाहिलं आणि हातातला खडू उगीचच घट्ट धरला. बेरजा चालू होत्या. फळ्यावर अठ्ठेचाळीस, खाली सदतीस. बाईंचं निम्मं लक्ष दाराकडे. त्यांनी भराभर रेघ ओढली, खाली पंचाहत्तर लिहिलं आणि वर्गाकडे वळल्या. "हं, उतरवून घ्या."

सगळ्या माना वहीत गेल्या. एक गेली नाही. मुंगी उभी होती.

ती काहीतरी बोलली. बाईंना ओठ हललेले दिसले, आवाज पोचला नाही. जुन्या सवयीनं बाईंची नजर वर्गाकडे वळायला निघाली होती. वर्गाचे हात वळवळत नव्हते. एक शब्द टाकला असता तर निभावलं असतं, दारातल्या माणसाला काही कळलंही नसतं. बाईंनी नजर आवरली.

"मला ऐकू आलं नाही," त्या खणखणीत म्हणाल्या. "परत सांग."

दारातून मुख्याध्यापकांनी मान हलवली. बाईंना ऐकू येत नाही, हेच तर त्यांना पाहायचं होतं. मुंगीनं दोन्ही हात वर केले आणि पुन्हा सांगितलं. या वेळी बाईंना शेवटचा शब्द तेवढा लागला.

"अजून नाही. थांब, मी येते." बाई दोन पावलं पुढे गेल्या, तिच्या तोंडाकडे पाहिलं. "आता सांग. मी कुठे जात नाही."

मुंगीनं श्वास घेतला. "बाई, हातचा घ्यायचा राहिला."

प्रत्येक अक्षर ऐकू आलं. बाईंनी मागे वळून फळ्याकडे पाहिलं. आठ आणि सात पंधरा, पाच खाली, हातचा एक, आणि तो एक कुठेच नव्हता! मुख्याध्यापकांच्या देखत तिसरीतल्या पोरीनं बाईंच्या बेरजेतली चूक पकडली होती, आणि बाईंना इतका आनंद झाला होता की त्यांना ओरडावंसं वाटत होतं. त्यांनी पंचाहत्तर पुसून पंच्याऐंशी लिहिलं.

मुख्याध्यापक दारातच भुवया आकसून उभे होते. त्यांनी एक हात कानामागे धरला होता. "काय? काय म्हणाली ती?"

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग पहिल्या बाकाकडे बोट केलं. "आत या सर, इथे बसा. तिथून ऐकू येत नाही."

सगळा वर्ग पाहत होता, त्यामुळे त्यांना यावंच लागलं. तिसरीच्या बाकात गुडघे कसेबसे कोंबून ते बसले. बाई मुंगीकडे वळल्या.

"हं, पुन्हा एकदा सांग बाळा, जरा मोठ्यानं. सरांना कमी ऐकू येतं."